गवारीचं नाव काढायचं नाही

दुर्गाबाई लग्न होऊन वाटूरला आली, तेव्हा सासूनं पहिल्याच दिवशी तिला घराच्या सगळ्या रीती समजावून दिल्या. रांजण कुठं, जळण कुठं, देवाला निवद कधी. आणि शेवटी, घरात कुणाला तरी फिट येते हे नव्या सुनेला सांगावं तशा बारीक आवाजात म्हणाली, "अन् हे बघ पोरी, या घरात गवारीचं नाव काढायचं न्हाई."

दुर्गाबाई चरकली. तिला वाटलं, गवराबाई नावाची कुणी बाई असणार. नवऱ्याच्या आयुष्यात आपल्या आधी येऊन गेलेली. दोन-तीन दिवस तिच्या तोंडाची चव गेली. शेवटी शेजारच्या चांगुणाबाईनं पदर तोंडात धरून हसत हसत उलगडा केला, की बाई न्हाई, भाजी. शेंगाची गवार. तुझ्या मालकाला तिचा वासबी चालत न्हाई.

दुर्गाबाईचा जीव भांड्यात पडला आणि लगेच तितकाच वरही आला. कारण बाईशी एक वेळ तिनं जुळवून घेतलं असतं. पण गवार हा तिचा जीव की प्राण होता. तिचं माहेर अंबडकडचं, अंकुशनगरच्या कारखान्याजवळ. तिथं उसाच्या बांधाला तिची माय गवार लावायची. कोवळी शेंग बोटानं मोडायची, विळीचं कामच नाही. लसूण, जिरं, शेंगदाण्याचा जाडसर कूट, आणि ताटात वाढल्यावर वरून कारळाची चटणी. ज्वारीच्या भाकरीबरोबर ही भाजी असली की दुर्गाबाई भाकरी मोजत नसे.

नवऱ्याच्या, म्हणजे राधाकिसनच्या, वैराची कहाणी मात्र तिला त्याच्याच तोंडून ऐकावी लागली, आणि मग जन्मभर ऐकावी लागली. त्याच्या आज्यापर्यंत या घरात मेंढरं होती, बापानं जमीन धरली, आणि शाळेची पायरी चढलेला राधाकिसन हा पहिलाच. त्याला परतूरच्या एका वसतिगृहात ठेवलं होतं. त्या वसतिगृहाच्या अधीक्षकाच्या सासऱ्याचा मळा होता आणि त्या मळ्यात गवारीशिवाय दुसरं काही उगवत नसावं. सकाळी गवार, संध्याकाळी गवार. सणाला गवारीत बटाटा. शेंगा अशा जून, की दाताखाली दोरी यावी. एका दुपारी राधाकिसन ताटावरून उठला तो थेट रस्त्यानं चालत वाटूरला आला आणि पुन्हा शाळेत गेला नाही.

"गवारीपायी माझं शिक्षण गेलं," तो सांगायचा. "न्हाईतर आज मी तहसीलदार म्हणून रिटायर झालो असतो."

त्याच साली तो गणितात नापासही झाला होता, हे त्यानं कधी सांगितलं नाही. ते त्याच्या एका वर्गमित्रानं राधाकिसनच्या लेकाच्या लग्नात, जेवणाच्या पंगतीत, सहज सांगून टाकलं. तोवर दुर्गाबाईला नवऱ्याची पुरती ओळख झाली होती. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, पत्ते नाहीत, बायकोवर कधी हात उगारला नाही. पण आयुष्यात जे जे व्हायचं राहून गेलं, त्या सगळ्याचा गुन्हा त्यानं एका भाजीवर दाखल केला होता, आणि आरोपीला घरात जागा नव्हती. ग्रामपंचायतीला उभा राहिला तेव्हा त्याला भेंडी चिन्ह मिळालं. तो म्हणाला, "नशीब, गवार न्हाई दिली." पडला तो पडलाच, पण कपबशीकडून पडलो याचंच त्याला समाधान वाटलं.

मग दुर्गाबाईनं काय केलं? जे बायका करतात तेच केलं. वाटूरच्या बाजारात ती गवारीच्या ढिगासमोरून मान वळवून जायची, आणि चांगुणाबाई मागून येऊन दोघींपुरती घ्यायची. भाजी झाली की चांगुणाबाई भिंतीवरून हाक मारायची, "दुर्गाबाई, सुई असली तर घिऊन या वो!" दुर्गाबाई सुई घेऊन जायची आणि भाकरी खाऊन यायची. राधाकिसन एकदा म्हणालाही, "या चांगुणाबाईचं काय दर चार दिसाला फाटून राह्यलंय?" दुर्गाबाई म्हणाली, "गरिबी हाय बिचारीची." त्यावर त्यानं स्वतः होऊन चांगुणाबाईकडं आपलं एक जुनं, पण बरं धोतर पाठवून दिलं. ते धोतर हातात घेऊन त्या दोघी किती हसल्या, ते त्या दोघींनाच माहीत.

दिवस गेले. लेक कल्याण मोठा झाला, जालन्याच्या एमआयडीसीत बियाणं साफ करायच्या एका कारखान्यात लागला. सुटीपुरता घरी यायचा. बाप विचारायचा, "सध्या कशाचं बी चालू हाय?" कल्याण सांगायचा, "भेंडीचं." बारा महिने भेंडीचंच चालू असायचं, आणि बापाला त्यात काही वावगं वाटत नसे. सून मीना औषधशास्त्राचा डिप्लोमा झालेली, वाटूर फाट्यावरच्या मेडिकलात कामाला जायची. घरात आता सासू नव्हती, पण तिनं घालून दिलेला कायदा होता.

साठी ओलांडली आणि राधाकिसनचं पोट अडून बसलं. सोबतीला साखरही आली. साखरेचं त्याला फार वाटलं नाही. पण सकाळी लवकर जाऊन उशिरानं, तोंड पाडून परत येणं त्याच्या जिव्हारी लागलं. एरंडेल झालं, हरड्याचं चूर्ण झालं. इसबगोल आणलं तर म्हणाला, "हे तर शेंबूड प्याल्यासारखं लागून राह्यलंय." शेवटी मीनानं त्याला जालन्याला एका पोटाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं जेवणाची चौकशी केली. भाज्या कोणत्या खाता, असं विचारल्यावर राधाकिसननं बटाटा, वांगं आणि बेसन अशी तीन नावं घेतली. बेसन ही भाजी नाही असं डॉक्टर म्हणाला, तेव्हा त्याला ते पटलं नाही. डॉक्टरनं चिठ्ठीवर एक पावडर लिहून दिली. रोज सकाळी एक छोटा चमचा, मोठा ग्लासभर पाण्यात ढवळून, लगेच प्यायची. वरून आणखी पाणी. पोट हलकं होईल, साखरही जेवणानंतर एकदम चढायची नाही.

डबा देखणा होता. पांढराशुभ्र, वर हिरवं पान, आणि खाली मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत काहीबाही. राधाकिसननं तो देव्हाऱ्याशेजारी ठेवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सासरा वावरात गेल्यावर मीनानं डबा हातात घेतला, उजेडाकडं फिरवला आणि वाचता वाचता हाक मारली.

"आत्याबाई, इकडं या. ह्याच्यात काय हाय, ठाऊक हाय का?"

"काय हाय? काही भलतंसलतं?"

"गवार."

दुर्गाबाईनं दाराकडं पाहिलं. इतक्या वर्षांची सवय. मग हळूच म्हणाली, "कोणती गवार?"

"आपलीच. शेंगाची. तिच्या वाळल्या बियांचं वरचं टरफल काढून आतल्या गराचं पीठ करतेत. गवारीचा गोंदच म्हणा. पाण्यात फुगतो. दुसरं ह्याच्यात काहीच न्हाई. नुसती गवार."

पुढं कितीतरी वेळ त्या घरातून दोन बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. चांगुणाबाई भिंतीवरून डोकावली. तिला सांगितलं, तर तिला उचकीच लागली. हसून झाल्यावर प्रश्न उरला, सांगायचं का?

"सांगलं तर पिणार न्हाईत," मीना म्हणाली. "अन् न्हाई पिले तर पुन्हा सकाळचं तोंड आपल्यालाच बघावं लागंल."

हा मुद्दा बिनतोड होता. ठरलं, सांगायचं नाही. आणि त्या दिवसापासून दुर्गाबाई रोज सकाळी स्वतःच्या हातानं गवार ढवळून नवऱ्याला द्यायला लागली. जी भाजी सगळ्या संसारात ताटात वाढता आली नव्हती, ती आता तो हात पुढं करून मागून घेत होता. "जल्दी दे, घट्ट होईल!" म्हणायचा. तिला सुरुवातीला थोडं पापासारखं वाटलं. मग ते वाटेनासं झालं. मग तर तिला सकाळची वाट बघावीशी वाटायला लागली.

आणि पावडरीनं गुण दिला! पहिले काही दिवस पोटात गुडगुड झाली, वाऱ्यानं घरच्यांना थोडा त्रास झाला, पण मग गाडी रुळावर आली. राधाकिसन सकाळी जाऊन झटक्यात परत यायला लागला. चेहरा उजळला. साखरेचा रिपोर्टही आधीपेक्षा बरा आला. माणूस बदलला म्हणजे किती? सुनेला "बाळ" म्हणायला लागला.

आता इतकं सुख एकट्यानं भोगणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो फाट्यावरच्या हॉटेलात बसायचा आणि मंठ्याकडं जाणाऱ्या, परतूरकडून येणाऱ्या, कुणालाही धरून पावडरीचं माहात्म्य सांगायचा. सांगता सांगता पावडरीचं मूळही वाढत गेलं. आधी ती जालन्याची होती, मग पुण्याची झाली. दिवाळीपर्यंत ती जर्मनीत पोचली.

"जर्मनीतले लोक बघा कसे," तो म्हणायचा. "आपल्यावानी झाडपाला खात न्हाईत. एक चमचा, बास. दिवसभर बराबर."

एकानं विचारलं, "कशाची असती वो ही पावडर?"

"ते सांगत न्हाईत. त्यांचं गुपित हाय ते."

दुर्गाबाई हे ऐकून घ्यायची. एकदाच तिला राहवलं नाही. जेवताना म्हणाली, "अहो, एवढा गुण आलाय तर मंग भाज्याबी खाऊन बघाव्यात. सगळ्याच." त्यानं घास हातात धरून तिच्याकडं पाहिलं. "सगळ्याच?" ती म्हणाली, "दोडका, पडवळ." तो पुन्हा जेवायला लागला.

पुढं तिच्या भावाच्या, सुग्रीवच्या, लेकीचा साखरपुडा निघाला. सुग्रीव कारखान्यात वजनकाट्यावर होता, अंकुशनगरलाच राहायचा. राधाकिसन आणि दुर्गाबाई दोघंच गेले; मीनाला सुटी नव्हती. धोतर-टोपी एक वेळ घरी राहिली असती तरी राधाकिसनला चाललं असतं, पण डबा त्यानं आठवणीनं पिशवीत घेतला.

मांडवात पाव्हणे बसले होते. राधाकिसनभोवती पाच-सात जण जमले आणि विषय निघायचा तो निघालाच. त्यातला एक, नवरदेवाचा चुलता, म्हातारा आणि चिकट, म्हणाला, "एवढं पाणी हलवा, ढवळा, कोण करत बसतंय? आमी तर चूर्णाची फक्की मारतो अन् मोकळं होतो."

आता खरं तर इथं राधाकिसननं डॉक्टरचं वाक्य सांगायला हवं होतं. पण जर्मन औषध देशी चूर्णापेक्षा कुठंही कमी पडावं, हे त्याला सहन होईना.

"हिचीबी फक्की मारता येती," तो म्हणाला. "हे बघा."

त्यानं डबा उघडला. चमचा नव्हता, कुणीतरी आचाऱ्याकडून भाजी वाढायचा आणून दिला. दुर्गाबाई बायकांमधून पाहत होती. तिनं हात वर केला, "अहो, अहो, पाणी," असं म्हणेपर्यंत त्यानं दोन फक्क्या मारल्या आणि चहाच्या कागदी कपातलं घोटभर पाणी वर ओतलं. लोकांनी माना हलवल्या. चुलता म्हणाला, "मंग बराबर हाय."

थोड्या वेळानं राधाकिसननं छातीवर हात ठेवला. मग गिळायचा प्रयत्न केला. खाली काही जाईना. पाणी दिलं, ते जसंच्या तसं परत आलं. श्वास चालू होता, पण थुंकीसुद्धा गिळता येईना. तोंड सारखं भरून यायचं आणि टॉवेलात रिकामं करावं लागायचं. बोलायला तोंड उघडलं की लाळेचीच धार लागायची. गवारीची पावडर गळ्याच्या खाली जाऊन मिळेल तेवढ्या ओलाव्यात फुगली होती आणि बूच बसावं तशी बसली होती. कुणी पाठीत धपाटे घातले, कुणी केळं आणलं. नवरदेवाकडच्या एका बाईनं तर दृष्टही काढली. शेवटी सुग्रीवनं जीप काढली आणि सगळे जालन्याला निघाले. दुर्गाबाई मागं त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. हसून हसून डोळ्यांत पाणी आणलेली ती सकाळ तिला आठवत होती, आणि माय जगदंबे, ह्याला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू, एवढंच तिच्या मनात चाललं होतं.

दवाखान्यातला डॉक्टर पोरसवदा होता. त्यानं तपासलं आणि विचारलं, "काय खाल्लं होतं यांनी?"

"जेवण तर झालंच न्हवतं, साहेब," सुग्रीव म्हणाला. "बुंदी पडायच्या आधीच असं झालं. औषध घेतलं तेवढं."

"कसलं औषध? डबा आणलाय?"

डबा मांडवातच राहिला होता. राधाकिसननं हातानं खुणा केल्या. डबा एवढा, पान असं, आणि मग लांब कुठंतरी दूर बोट दाखवलं. सुग्रीवनं उलगडा केला, "जर्मनीचं हाय म्हणतेत."

"जर्मनीचं काय? मला नाव पाहिजे. दुर्बीण आत घालायची आहे, आत काय अडकलंय हे कळलं पाहिजे. मावशी, तुम्हाला माहीत आहे का?"

दुर्गाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. तो खाटेवर टेकून बसला होता, टॉवेल तोंडाशी धरून. त्याचे डोळे तिच्यावर होते. त्या डोळ्यांत भरवसा होता, की ही बाई आता काहीतरी कामाचं सांगणार.

"गवार," ती म्हणाली.

"काय?"

"गवार हाय ती. शेंगाची गवार. तिच्या बियांचं पीठ."

"ग्वार गम!" डॉक्टर म्हणाला. "मग बरोबर. पाणी किती प्यायले?"

"घोटभर."

"आणि पावडर?"

"भाजी वाढायचा चमचा. दोनदा."

डॉक्टरनं कपाळाला हात लावला. मग शिकवणी घ्यावी तसा तो सुग्रीवला समजावून सांगू लागला, की औषध वाईट नाही, पण हे पाण्यात किती पटीनं फुगतं. म्हणून तर आईस्क्रीममध्ये घालतात, बर्फाचे खडे होऊ नयेत म्हणून. सॉस घट्ट करायला घालतात, बाजारच्या दाट लस्सीत घालतात. तिथं चिमूटभर पुरतं. आणि ह्यांनी दोन डाव कोरडे खाल्ले!

राधाकिसन डॉक्टरकडं बघतच नव्हता. तो बायकोकडं बघत होता. त्याचे डोळे आधी मोठे झाले, मग आणखी मोठे झाले. तोंड उघडलं, लाळ आली, टॉवेल लावावा लागला. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. संसारात पहिल्यांदाच असं झालं, की दुर्गाबाई बोलत होती, सगळे कान देऊन ऐकत होते आणि राधाकिसनला मधे बोलता येत नव्हतं. नर्सला वाटलं, म्हातारा घाबरला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "काही नाही आजोबा, आता काढतील गवार."

दुर्बिणीनं तो गोळा निघाला. वेळ लागला, पण निघाला. कल्याण कारखान्यातून तसाच पळत आला होता; माय-लेक बाहेर बाकड्यावर बसून होते. दुर्गाबाई लेकाला म्हणाली, "आता ह्ये मला नांदवतेत का न्हाई, काय म्हाईत." कल्याणला हसावं की रडावं कळेना. तो म्हणाला, "माय, मीबी सांगून टाकतो मंग. आमच्या कारखान्यात भेंडी सहाच महिने असती."

आत बोलावलं तेव्हा राधाकिसन उशीला टेकून बसला होता. आवाज बसला होता, पण होता. दुर्गाबाई खाली मान घालून खाटेजवळ उभी राहिली. काय ऐकावं लागेल याची तिनं मनाशी तयारी केली होती.

"मी म्हणलं होतं का न्हाई?" तो म्हणाला.

तिनं मान वर केली.

"जल्मभर सांगून राह्यलो, की ही गवार जीवघेणी हाय. कुणी ऐकलं? आज घेत होती का न्हाई माझा जीव?"

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो जिंकला होता. वसतिगृहातून चालत आलेल्या पोराला इतक्या वर्षांनी न्याय मिळाला होता, तोही डॉक्टरच्या साक्षीनं. भेटायला जो येईल त्याला तो सांगत सुटला. जर्मनीचं नावही आता कुठं येत नव्हतं.

राग आला तो घरी आल्यावर, आणि सावकाश आला. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की इतके दिवस सकाळी सकाळी आपण काय पीत होतो आणि कुणाच्या हातचं पीत होतो. त्यानं दोघींशी बोलणं टाकलं. मीनाचं "बाळ" पुन्हा "कल्याणची बायको" झालं. ताट समोर आलं की तो प्रत्येक वाटी हुंगायचा. त्यातच मीनानं दुखावल्या मनानं त्याला एक दिवस फाट्यावरून आणलेल्या पुड्या वाचून दाखवल्या. ह्या आईस्क्रीमच्या कपात हाय, ह्या सॉसमधी हाय, ह्या बाटलीतल्या दुधात हाय, बिस्किटात न्हाई. लग्नाकार्यांतून त्यानं वाट्यावर वाट्या रिचवलेलं आईस्क्रीम! राधाकिसन ऐकत गेला आणि त्याचं तोंड बारीक होत गेलं. ज्या शत्रूला आपण वेशीबाहेर ठेवलं असं तो समजत होता, तो केव्हाच घरात येऊन जेवून-खाऊन गेला होता.

पुढच्या मंगळवारी वाटूरचा बाजार होता. दुर्गाबाई पिशवी घेऊन निघाली. गवारीच्या ढिगासमोर मान न वळवता उभी राहिली, शेंग मोडून पाहिली, कोवळी निघाली, आणि तिनं स्वतःच्या हातानं पिशवी भरली. चांगुणाबाई मागून येत होती. ती जागच्या जागी थांबली. घरी येऊन दुर्गाबाईनं दार उघडं ठेवून भाजी केली. लसणाचा खमंग वास अंगणात गेला आणि राधाकिसन अंगणातून आत आला.

"माझ्या घरात गवार?"

दुर्गाबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"इतके दिवस तुमच्या पोटात होती," ती म्हणाली. "घरात असली तर काय बिघडलं?"

तो दारात उभा राहिला. तो वळला आणि फाट्यावर निघून गेला. तिथं त्यानं मिसळ मागवली, आणि रस्सा जरा दाट वाटला म्हणून आचाऱ्याला बाहेर बोलावून त्यात काय काय घातलंय, याची उलटतपासणी केली. आचारी चिडला. राधाकिसन तसाच उपाशी परत आला. घरी त्याच्यासाठी बेसन झाकून ठेवलेलं होतं. ते त्यानं मुकाट्यानं खाल्लं. दुर्गाबाई त्याच्यासमोर बसून गवार खात होती. भांडलेल्या भावकीच्या पंगतीला कुणी बसावं तसा तो तिकडं न बघता जेवला.

पण पोट कुणाच्या बापाचं ऐकत नाही. पावडर थांबली आणि आठवड्यातच सकाळची ती जुनी फेरी सुरू झाली. लवकर जाणं, उशिरा येणं, आणि तेच तोंड. एरंडेल पुन्हा निघालं. इसबगोलकडं त्यानं नुसतं पाहिलं. मग एक दिवस दुर्गाबाई गोठ्यात आहे असं बघून तो सुनेजवळ गेला आणि घसा खाकरून म्हणाला, "बाळ."

मीनानं कान टवकारले.

"ते आपलं औषध मिळंल का पुन्हा? पण एक कर. डब्यावरचा कागद काढून आण."

मीनानं मेडिकलात बसून कागद ओल्या फडक्यानं घासून काढला आणि कोरा, पांढरा डबा आणून देव्हाऱ्याशेजारी ठेवला. आता तो भलामोठा तांब्या भरून पाणी घेतो, त्यात चमचा सपाट करून टाकतो, ढवळतो, डोळे मिटतो आणि पितो; वर पुन्हा तांब्याभर पाणी. शिस्त म्हणाल तर बिलकुल डॉक्टर सांगेल तशी. ढवळायचं कामही तो स्वतःच करतो. बायकोवर त्याचा आता भरवसा नाही. डब्यात काय आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी ते बोलून दाखवत नाही. दुर्गाबाईसुद्धा नाही. आता तिची भाजी उघड्या चुलीवर होते, तेवढं तिला पुष्कळ आहे.

मध्यंतरी दोघं जालन्याच्या त्या पोटाच्या डॉक्टरकडं तपासायला गेले. रिपोर्ट चांगले होते. डॉक्टर खूष झाला. म्हणाला, "काका, आता पावडरवर कायमचं राहायची गरज नाही. जेवणात रोज शेंगभाजी, पालेभाजी ठेवा. गवार खा, गवार फार चांगली."

राधाकिसननं टोपी उचलली आणि बाहेर पडला. दोघं एसटीत बसले. गाडी शहराबाहेर पडली, एमआयडीसीच्या चिमण्या मागं गेल्या, मग म्हणाला, "ह्यो डॉक्टर अजून कच्चा हाय. दुसरा बघावा लागंल."

"बघू की," दुर्गाबाई म्हणाली, आणि तिनं खिडकीची काच वर सरकवली.